एस्तेर सिस्टरची साक्ष

एस्तेर सिस्टरवर मी जितकी चिडले, तितकी माझ्या नवऱ्यावरही कधी चिडले नाही, आणि त्याच्यावर चिडायला मला बरीच कारणं मिळालेली आहेत. अमरावतीच्या एका जुन्या मिशन दवाखान्यात आम्ही सोळा वर्षं एकाच बाळंतपणाच्या खोलीत काम केलं. त्या ख्रिस्ती, मी बौद्ध. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातला देव्हारा उचलून बाहेर ठेवला आणि पोरांना सांगितलं, आता कुणाच्या तोंडाकडे पाहायचं नाही, आपलं डोकं आणि आपले हात. त्या घरात वाढलेली मी, आणि रोज सकाळी माझ्या शेजारी उभी राहून ही बाई म्हणणार, "बापा, माह्याकडून होत नाही. तू कर."

हे त्या हात धुतल्यावर म्हणायच्या. कोपर वर धरून, पाणी निथळत असताना, डोळे उघडे ठेवून. अंगाने किरकोळ, रंगाने काळ्यासावळ्या, छातीवर उलटं घड्याळ अडकवलेलं, आणि आवाज असा की दर्यापूरच्या जीपवाल्यानं थांबावं. तीस वर्षांत हजारो बाळं या हातांनी बाहेर काढली. त्या हातांबद्दल बाई पेशंटच्या देखत सांगायची की माझा यांच्यावर भरवसा नाही. पेशंटची सासू घाबरून माझ्याकडे पाहायची. मी दात खाऊन म्हणायचे, "सिस्टर, निदान दार लावून तरी म्हणा."

"दार लावून काहून? खरं आहे ते."

मी नवीन होते तेव्हा त्यांची एक रीत मला अपमान वाटायची. इंजेक्शनची काचेची कुपी फोडायच्या आधी ती माझ्यासमोर धरायच्या आणि म्हणायच्या, "वाच." मी नाव वाचायचं, ताकद वाचायची, तारीख वाचायची, तेही मोठ्यानं. पहिलीतल्या पोरीसारखं. मला वाटलं, ही माझी परीक्षा घेते आहे. आठवड्यानं कळलं की परीक्षा स्वतःची चालली आहे. माझ्या हातातली कुपी त्या वाचायच्या आणि त्यांच्या हातातली मी. डॉक्टर आले तर डॉक्टरांनाही सोडत नसत. एका तरुण डॉक्टरनं कपाळाला आठ्या घालून विचारलं, "सिस्टर, तुम्हाला माझ्यावर विश्वास नाही का?" तर म्हणाल्या, "माह्यावरच नाही, सर, तर तुमच्यावर कुठून ठेवू?"

एका दुपारी तीन बायका एकदम अडलेल्या. एस्तेर सिस्टरनी कुपी पुढे केली. मी दुसऱ्या बाईच्या नाडीवर बोटं ठेवून, न पाहताच म्हटलं, "हो, बरोबर." त्या हलल्या नाहीत. "मोठ्यानं वाच." मी वैतागून वळले आणि वाचायला लागले, आणि अर्ध्या नावातच माझी जीभ थांबली. कळा वाढवायच्या औषधाऐवजी त्यांच्या हातात बाळंतपणानंतर रक्त थांबवायचं औषध होतं. बाळ पोटात असताना ते औषध दिलं गेलं असतं, तर आई आणि बाळ दोघांवर बेतलं असतं. डब्याशेजारी डबा, त्यांचा हात चुकीच्या डब्यात गेला होता. त्यांनी ती कुपी परत ठेवली, दुसरी घेतली, ती मला वाचायला लावली. बाळंतपण उरकल्यावर थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि सांगून आल्या, आज मी चुकली होती. कोणी पाहिलं नव्हतं, काही बिघडलं नव्हतं. मला इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर डबा खाल्ला नाही.

संध्याकाळी मी त्यांना गाठलंच. "तुमचा देव करतो ना सगळं? मग कुपी त्यानं का नाही वाचली?"

"त्यानंच तर तुले अथी उभं केलं," त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या.

"मला मेट्रननं उभं केलं. ड्युटीचा तक्ता तिनं लावला."

"मंग तिले तरी डोकं कोणं देलं?" म्हणाल्या आणि चहा प्यायल्या. असं बोलणाऱ्या माणसाशी वाद घालून काही हाती लागत नाही. तरी मी सोळा वर्षं घातला.

त्यांना एक वाक्य अजिबात खपत नसे. घाबरलेल्या नातेवाइकांना आम्ही सगळ्या जणी सवयीनं म्हणायचो, काही काळजी करू नका, सगळं ठीक होईल. हे ऐकलं की एस्तेर सिस्टर फिरून उभ्या राहायच्या. "तुले कोणं सांगतलं ठीक होईन म्हून?" नातेवाइकांच्या समोर. तिवसा भागातला एक म्हातारा आपल्या पहिलटकरीण नातीला घेऊन आला होता. तो हात जोडून म्हणाला, "बाई, तुमी म्हणा ना, होईन बरोबर." त्या म्हणाल्या, "ते मले माहीत नाही, बाबा. पण मी घरी जाऊन नाही राहिली." त्यांची पाळी दोनला संपत होती, त्या सात वाजेपर्यंत थांबल्या. पोरगी सुटली. म्हाताऱ्यानं पेढे आणले, पाया पडायला वाकला, तर ह्या मागे सरकल्या. "माह्यानं काही नाही झालं, बाबा. वरच्याचे उपकार माना." मी तिथेच उभी होते. पाच तास ज्या बाईची कंबर वाकलेली मी पाहिली होती, तिचं श्रेय असं उचलून वर पाठवून द्यायचं, हे मला आजही पटत नाही. पेढे मात्र आम्ही दोघींनी खाल्ले.

आणि वर पाठवलेलं श्रेय वर जातंच असं नाही. मधे बरेच लोक हात पसरून उभे असतात. मेट्रनची जागा रिकामी झाली तेव्हा सगळ्या दवाखान्याला माहीत होतं की ती कुणाची आहे. मुलाखतीला कमिटीचे पाच जण बसले होते. त्यांनी विचारलं, "एवढा नर्सिंग विभाग तुमच्या भरवशावर सोडता येईल का?" बाईंनी सांगितलं, "माह्या भरवशावर नोका सोडू, साहेब." बाहेरून एक बाई आणली गेली. तिला भरवशाची कमतरता नव्हती, बाकी सगळ्याची होती. पुढे एस्तेर सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा त्याच कमिटीच्या अध्यक्षांनी शाल घालून त्यांच्या नम्रतेवर पंधरा मिनिटं भाषण केलं. नम्रता हा गुण ज्यांना दुसऱ्याला बढती द्यायची नसते त्यांना फार आवडतो. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

निवृत्तीनंतर त्या अकोल्याला आपल्या भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या. लग्न केलेलं नव्हतं. तिथल्या मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, त्या बायकांची प्रार्थना चालवायच्या आणि रविवारी पोरांचा वर्ग घ्यायच्या. मला आठवड्यातून एकदा फोन. मार्च महिन्यातला फोन मला शब्दन् शब्द आठवतो. "वंदना, गाठ आहे. डाव्या छातीत. सुई घालून तपासली. तेच आहे. ऑपरेशन लागते. बाकी, तुह्या पोराची परीक्षा कशी गेली?"

ऑपरेशनची तारीख मे महिन्याची मिळाली. आणि त्या तारखेच्या दहा दिवस आधी अकोल्यात एका मैदानावर तीन दिवसांची प्रार्थनासभा भरली. बाहेरगावचा प्रचारक आला होता, मोठा मंडप, मोठे स्पीकर. आजाऱ्यांना स्टेजवर बोलावलं गेलं. मंडळीचे वडील शांतवनराव (वडील म्हणजे त्यांच्या पंचांपैकी एक, मान असलेला माणूस) स्वतः एस्तेर सिस्टरचा हात धरून त्यांना वर घेऊन गेले. प्रार्थना आहे म्हटल्यावर त्या गेल्या. प्रार्थनेला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. प्रचारकानं डोक्यावर हात ठेवला, ओरडून प्रार्थना केली आणि माइकमध्ये जाहीर केलं की गाठ गेली, आमची बहीण बरी झाली. मंडपात हालेलुया झाला, बाजा वाजला. मग माइक सिस्टरच्या तोंडाशी आला. त्या म्हणाल्या, "तपासून पाहू." बाज्यात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या खरोखर तपासून आल्या. गाठ जागच्या जागी होती. पण तोवर त्यांचा व्हिडिओ साऱ्या वऱ्हाडात फिरला होता, माझ्याही फोनवर आला. खाली लिहिलेलं, निवृत्त नर्सबाईंची कॅन्सरपासून सुटका. रविवारी शांतवनरावांनी चर्चमध्ये उभं राहून ही साक्ष सांगितली. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उठून सांगणं. ज्याचं त्यानं सांगायचं असतं. यांनी सिस्टरची सांगून टाकली, त्यांना न विचारता, त्या पहिल्या बाकावर बसलेल्या असताना.

मी रजा टाकली आणि सकाळच्या बसनं अकोल्याला गेले. मूर्तिजापूरपर्यंत मी मनात भाषण तयार करत होते. मला खात्री होती की ही बाई आता ऑपरेशन नाकारणार. आयुष्यभर माझ्याकडून होत नाही म्हणत आली, आता एका माइकवाल्यानं झालं म्हटलं, की झालं. तिला ओढून न्यायचं असा माझा बेत होता.

खोलीत शांतवनराव आणि त्यांची बायको कमलबाई आधीच येऊन बसले होते. कूलर चालू होता तरी जीव जाईल असं ऊन. शांतवनराव मला पाहून जरा थांबले, मग बोलत राहिले. "सिस्टर, आता ऑपरेशन करणं म्हणजे अविश्वास दाखवणं. लोकं काय म्हणतीन? मंडळीची साक्ष खोटी पडते. डॉक्टर बी माणूसच आहे. तुमीच तर जन्मभर सांगत आल्या, माणसाच्या हातावर भरवसा ठेवू नका म्हून."

तिचेच शब्द तिच्याच गळ्याला लावायचे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात एस्तेर सिस्टर बोलल्या. आवाज वॉर्डातला, जराही चढलेला नाही.

"वडील, देव बरं करू शकते. हे मले तुमच्याइतकंच मान्य आहे. पण त्यानं केलंच, हे कोणं ठरवलं? तुमी ठरवलं. कधी करायचं ते बी तुमीच ठरवलं, सभा होती म्हून. त्यानं कसं करावं, कोणाच्या हातून करावं, सारं तुमीच. त्याच्यासाठी काही ठेवलंच नाही तुमी. मंग हा त्याच्यावरचा भरवसा कसा झाला? हा तर तुमचा तुमच्यावरच आहे."

शांतवनरावांचा चेहरा उतरला. सोळा वर्षं मी या बाईशी भांडले, आणि ती काय म्हणत होती ते मला त्या खोलीत, दुसऱ्या कुणाला सांगताना ऐकून कळलं. शांतवनराव उठले. दारात थांबून म्हणाले, की हे प्रकरण निवळेपर्यंत बायकांची प्रार्थना आणि पोरांचा वर्ग तुम्ही घेऊ नका. ज्या बाईला पाच-सहा दिवसांनी ऑपरेशनच्या टेबलावर जायचं होतं, तिला हे सांगून तो माणूस चपला घालायला लागला. सिस्टरनी मान हलवली, पण पोरांचा वर्ग म्हटल्यावर त्यांचे ओठ थरथरले ते मी पाहिलं.

कमलबाई मागे राहिल्या. त्यांनी सिस्टरचं मनगट धरलं आणि रडत म्हणाल्या, "बाई, नोका जाऊ ना ऑपरेशनले. थोडं थांबून पाहा. तुमी बऱ्या झाल्या असं म्हणा ना. एकदा म्हणा."

माझा तोल गेला. "तुमच्या नवऱ्याची इज्जत राहावी म्हणून यांनी मरायचं का? लाज नाही वाटत?" अजूनही काही बोलले, ते इथे लिहीत नाही. कमलबाई तोंडाला पदर लावून गेल्या.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "तिच्यावर काहून ओरडली? हात थंडागार होता तिचा. एवढ्या उन्हात."

मी म्हटलं, तिचे हात गेले खड्ड्यात, तुम्ही तुमचं पाहा.

ऑपरेशन झालं. टेबलावर झोपवल्यावर त्यांनी तिथल्या नव्या पोरीला केसपेपर मोठ्यानं वाचायला लावला, डावी की उजवी ते. मग डोळे मिटले. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, दुखतंय का, तर म्हणाल्या, दुखते. मंडळीतून पाहायला फक्त एक म्हातारे मास्तर आले. व्हिडिओ बघून हालेलुया लिहिणाऱ्यांपैकी कुणाची दवाखान्याची पायरी चढायची हिंमत झाली नाही.

जुलैमध्ये दुसरी किमो झाल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्षीचा वेळ असतो, चर्चला जायचं होतं, चालताना आधार हवा होता. मी कधी चर्चच्या आत गेले नव्हते. त्यांच्या डोक्यावरचा पदर सारखा घसरायचा, कारण धरून ठेवायला आत केस नव्हते. आम्ही मागच्या बाकावर बसलो. दोघातिघांच्या साक्षी झाल्या, नोकरी लागली, अपघातातून वाचलो. मग एस्तेर सिस्टर बाकाच्या पाठीला धरून उठल्या. पुढून शांतवनराव घाईनं म्हणाले, "आता आपण गीत घेऊ."

"गीत नंतर घ्या, वडील. माह्या नावानं एक साक्ष झाली इथी. ती खरी नव्हती. म्हून मी माही सोता सांगून राहिली." श्वास लागत होता, त्या थांबल्या. "मी सभेत बरी झाली नाही. गाठ होती, ती कापून काढली. आता औषधं चालू आहेत. बरी होईन का, मले माहीत नाही. ज्यानं मले बनवलं त्याले माहीत आहे, अन् माहं त्यानं भागते. मी लय भ्याली होती, ऑपरेशनच्या आधी. त्यानं मले एकटं नाही ठेवलं. एवढंच. कोणाच्या अंगात काही असंन तं तपासून घ्या. त्याले राग नाही येत."

त्या बसल्या. एरवी प्रत्येक साक्षीला आमेन म्हणणारी सगळी मंडळी गप्प. फक्त म्हातारे मास्तर म्हणाले, एकटेच. मला त्या भरल्या चर्चमध्ये उठून ओरडावंसं वाटलं. त्यांच्यापैकी निम्म्या बायकांची पोरं माझ्या शेजारी बसलेल्या बाईच्या रविवारच्या वर्गात शिकलेली असतील, आणि एकीला आमेन म्हणता येऊ नये.

बाहेर लिंबाखाली आम्ही रिक्षाची वाट पाहत होतो. बायका हळूच "सलाम" करून पुढे जात होत्या. कमलबाई सगळ्यात शेवटी आल्या. मी तोंड फिरवलं. सिस्टरचा हात त्यांनी धरला, पदराखाली नेला आणि आपल्या छातीच्या बाजूला ठेवला.

सिस्टरची बोटं आपसूक फिरली, तपासताना फिरायची तशीच. चेहरा वॉर्डातला झाला. "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"घरी सांगतलं?"

"ह्यायले सांगतलं. हे म्हणाले, आधी सिस्टरची साक्ष होऊ दे, लोकायचा विश्वास वाढू दे. मंग तुले बी वर नेतो." कमलबाईंनी सिस्टरचा हात तसाच धरून ठेवला. "तुमी बऱ्या झाल्या असत्या तं मी बी झाली असती, बाई."

मे महिन्यात त्या खोलीत ही बाई कुणासाठी भीक मागत होती, ते मला तेव्हा कळलं. मी तिला लाज काढून घालवून दिलं होतं. मधले दोन महिने गेले होते, त्यातला माझा वाटा किती, हा हिशेब मी अजून करते आहे.

"उद्या मले दवाखान्यात जायचंच आहे," सिस्टर म्हणाल्या. "सकाळी आठले ये. नाष्टा करून ये, तथी लय वेळ लागते."

एस्तेर सिस्टर त्याच वर्षीच्या थंडीत गेल्या. मधल्या काळात आमचं फोनवरच बोलणं झालं. मला ड्युटीवर फोन आला, आणि मी पोहोचेपर्यंत माती झालेली होती. म्हणून त्या सोमवारची सकाळ हीच माझ्यासाठी त्यांची शेवटची. मला साडेआठची बस पकडायची होती. रिक्षा दारात उभी, सिस्टर आत बसलेल्या, मांडीवर फायलींची पिशवी. कमलबाई येऊन रिक्षात बसल्या, आणि त्यांच्या मागून शांतवनराव आले. त्यांनी रिक्षाचा दांडा धरला. मला वाटलं, आता हा बायकोला उतरवणार, आणि खरं सांगते, मी चप्पल काढायच्या तयारीत होते.

ते वाकून आत पाहत होते. मंडपात ज्यांनी सिस्टरला हात धरून स्टेजवर नेलं होतं, चर्चमध्ये उभं राहून ज्यांनी बरी झाली म्हणून सांगितलं होतं, ते शांतवनराव दबक्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, ही तरी बरी होईन ना?"

मी त्यांना उत्तर देणार होते. माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते त्यांना जन्मभर पुरलं असतं. एस्तेर सिस्टरनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी छातीशी घेऊन, जिकडे टाके पडले होते त्या बाजूला अंग चेपून घेत त्या आत सरकल्या, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात ठेवून म्हणाल्या, "बसा, वडील."

ते चढले. मी सिस्टरच्या जागी असते तर चढू दिलं नसतं.